एकही चूक नाही

सोमवार, १७ नोव्हेंबर

गावडे सरांनी मधल्या सुट्टीत बोलावलं आणि केबिनचं दार लावून घेतलं. मुख्याध्यापक दार लावतात ते दोनच वेळा: कुणाला मेमो द्यायचा असेल तेव्हा, नाहीतर स्वतःला आला असेल तेव्हा. आज दुसरी गत होती.

संस्थेचं पत्र आलंय. लालबागच्या आपल्या शाळेत नववीला चौतीसच मुलं उरलीत, तेव्हा हा वर्ग ठेवायचा की नाही हे ‘गुणवत्ता पाहून’ ठरवणार. पंधरा डिसेंबरला वाचन-तपासणी. तीन मुलं वाचणार, एक शाळेने निवडलेलं आणि दोन चिठ्ठी टाकून. उतारे बंद पाकिटातले, कुणीच न पाहिलेले. तिघांपैकी दोघांना ‘उत्तम’ मिळालं तर ही मुलं दहावी इथेच करतील. नाहीतर जूनपासून सगळी संस्थेच्या अँटॉप हिलच्या शाळेत.

सर म्हणाले, “वारंगबाई, मराठी तुमच्याकडे. सगळं तुमच्यावर.” सत्तावीस वर्षं शिकवतेय, पण असं कुणी बोललं की अजून झोप उडते. म्हणून ही वही काढली. मनातलं कागदावर गेलं की डोकं जरा हलकं होतं.

एक बरं आहे. निवडायचं नाव शोधावं लागणार नाही. आमची पूर्वी आहेच.

बुधवार, १९ नोव्हेंबर

आज पूर्वीला मुद्दाम पूर्ण धडा वाचायला लावला. काय वाचते ती पोरगी! खणखणीत आवाज, जिथे थांबायचं तिथे थांबणार, प्रश्न आला की सूर वर. पुस्तकात डोकं खुपसून वाचत नाही, नजर वर्गाकडे. एकदा तर पान उलटायचंच विसरली, तरी पुढचा परिच्छेद न अडखळता म्हणून मोकळी. मी मुलांना म्हटलं, बघा, याला म्हणतात तयारीचं वाचन.

लिहिण्याच्या नावाने मात्र आनंद. पेपरात प्रश्नच उतरवून येते. गेली दोन वर्षं मी शेरा देतेय, ‘लेखनात आळस’. वही तेवढी नीटनेटकी असते. तिचं आणि तिच्या बाकावरच्या प्रितीचं अक्षर तर इतकं सारखं की वरचं नाव वाचल्याशिवाय कळत नाही कुणाची कुठली. जिवलग मैत्रिणींचं असंच होतं.

‘माझा परिसर’चे निबंध तपासले. चौतीस वह्या आणि निबंध एकच. ‘माझा परिसर मला खूप आवडतो. तेथे विविध जातिधर्मांचे लोक गुण्यागोविंदाने राहतात.’ मीच फळ्यावर लिहून दिला होता, आता ओरडू कुणावर?

सोमवार, २४ नोव्हेंबर

पूर्वीला सांगितलं, तुझी निवड केलीय. तिचा चेहरा उतरला. म्हणाली, “बाई, मी नको. प्रितीला घ्या ना.”

म्हटलं, “प्रितीला? तिचा आवाज पहिल्या बाकापर्यंत येत नाही.”

“पण ती वाचते चांगलं, बाई. खरंच. काहीपण द्या, वाचते.”

किती मोठं मन! आजकाल पोरं स्वतःचं नाव पुढे करायला एकमेकांना ढकलतात. मी पाठीवर हात ठेवून म्हटलं, विनय चांगला, पण वेळ पाहून. ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत उभी राहिली.

गुरुवार, २७ नोव्हेंबर

आज संयम सुटला. मी शिकवतेय आणि प्रितीची कुजबुज चालूच. आठवडाभर बघतेय, पुस्तकात बोट ठेवून पूर्वीच्या कानात सारखं काहीतरी सांगत असते. पूर्वीचं लक्ष तिच्यामुळे उडतं. शेवटी प्रितीला उचलून खिडकीजवळच्या मागच्या बाकावर बसवलं. “आता भिंतीशी बोल,” म्हटलं.

वर्ग हसला. त्या दोघी हसल्या नाहीत.

मंगळवार, २ डिसेंबर

नाकापेक्षा मोती जड! निवड झाल्यापासून बाईसाहेबांचे नखरे सुरू. शुक्रवारी घसा बसला. काल चष्मा विसरली, आज चष्मा आहे तर डोकं दुखतंय. सरावाचा उतारा हातात दिला तर म्हणते, “बाई, घरी नेऊ? उद्या वाचते.” आणि दुसऱ्या दिवशी खरोखर तोच उतारा घडाघडा. मग आत्ता वाचायला काय होतं?

जरा झापलंच. म्हटलं, तुझ्या एकटीच्या मूडवर चौतीस मुलांचं वर्ष आहे. ती मान खाली घालून कागदाकडे बघत होती. अशी बघत होती की जणू कागदावर काही लिहिलेलंच नाही.

सोमवार, ८ डिसेंबर

शनिवारी सहा डिसेंबरची सुट्टी होती. प्रिती आजोबांबरोबर चैत्यभूमीला गेली होती, तिथल्या स्टॉलवरून दोन पुस्तकं घेऊन आली. तिचे आजोबा, बुधाजी, कापडगिरणीत कामाला होते, परळच्या चाळीत राहतात. पाच वर्षांची असल्यापासून त्यांना ती रोज पेपर वाचून दाखवते म्हणे. हे मला आज कळलं, तेही शिपायाकडून.

शाळा सुटल्यावर मागच्या जिन्यात दोघी सापडल्या. प्रिती पुस्तकातून वाचतेय आणि पूर्वी भिंतीला टेकून, डोळे मिटून ऐकतेय. माझा सरावाचा उतारा प्रितीच्या मांडीवर. मी म्हटलं, “अगं, उलटं चाललंय तुमचं! पूर्वी वाचेल आणि तू ऐक, तुझा आवाज सुधारेल.”

प्रिती पुस्तक छातीशी धरून उभी राहिली. काहीतरी बोलणार होती. पूर्वीने तिचा हात दाबला. पळाल्या दोघी.

शुक्रवार, १२ डिसेंबर

आज घाम फुटला. तपासणीत असतो तसा नवाच उतारा पाकिटातून काढून पूर्वीच्या हातात दिला. पाच सेकंद, दहा सेकंद. शब्द नाही. ओठ पांढरे पडले. “बाई, उलटी होतेय,” म्हणून बाहेर धावली. परत आली ती दप्तर घ्यायलाच.

परीक्षेची भीती, दुसरं काय. मलाही बी. एड.च्या वेळी ताप यायचा. ओवा चावायला दिला, म्हटलं, रविवारी नीट झोप काढ. पण घरी आल्यापासून माझाच जीव थाऱ्यावर नाही. आत कुठेतरी काहीतरी टोचतंय आणि ते नेमकं काय ते सापडत नाही.

सोमवार, १५ डिसेंबर

सगळं नीट क्रमाने लिहिते, नाहीतर उद्या मीच म्हणेन की असं झालंच नव्हतं.

संस्थेकडून अभय म्हणून तरुण अधिकारी आला. बोलायला नम्र, हातात टॅब, गळ्यात स्टॉपवॉच. त्याने पद्धत समजावली. उताऱ्याच्या दोन प्रती, एक मुलाकडे आणि एक वर्गशिक्षिकेकडे. मुलाने वाचायचं, शिक्षिकेने चुकलेल्या शब्दावर पेन्सिलीने खूण करून खाली सही करायची आणि कागद पाकिटात बंद करून द्यायचा. तो एका मिनिटातले शब्द आणि उच्चार पाहणार. म्हणाला, “पाकिटं मीही उघडलेली नाहीत, बाई. तुमच्या खुणांवर माझा विश्वास.”

पहिली चिठ्ठी सम्यकची. दोन चुका, ‘उत्तम’. गावडे सरांनी हातातला रुमाल परत खिशात ठेवला. दुसरी अमितची. तो पहिल्याच ओळीत अडकला. दुसऱ्या ओळीत घाम पुसला, तिसरीत रडकुंडीला आला. अकरा चुका, ‘साधारण’.

राहिली पूर्वी. सगळा वर्ग तिच्याकडे बघायला लागला.

अभयने पाकीट फाडलं, एक प्रत तिला, एक मला. उतारा दीपगृहावर होता. ‘समुद्रातील खडकांपासून जहाजांचे रक्षण करण्यासाठी…’ अशी सुरुवात. स्टॉपवॉच खटकन वाजलं. पूर्वी कागद धरून उभी. मी पेन्सिल टेकवून बसले. मागच्या बाकावर प्रिती उभी राहिली होती, तिला खाली बस म्हणायचंही मला सुचलं नाही.

मग पूर्वी वाचायला लागली. तोच खणखणीत आवाज. नजर कागदावर.

“लालबागला मार्च महिन्यात मसाल्याचा सीझन येतो. गल्लीत शिरलं की पाहुणे शिंकतात. आम्ही शिंकत नाही. माझी आई मिरचीचे देठ काढते. सकाळपासून संध्याकाळपर्यंत पोत्यांच्या मध्ये बसते. तिच्या बोटांची आग साबणाने जात नाही. म्हणून ती जेवताना चमचा घेते. मी लहान होते तेव्हा मी रडले की आई माझे डोळे पुसायची नाही. हात मागे घ्यायची. मला वाटायचं, आईला मी आवडत नाही. मग मोठी झाल्यावर मला कळलं, तिच्या हाताला मिरची होती. आई कोपराने डोळे पुसते.”

खटकन घड्याळ थांबलं.

‘माझा परिसर’वर मला चौतिसांत एकही असा निबंध मिळाला नव्हता. आणि माझ्या हातातल्या कागदावर दीपगृह होतं. तिने म्हटलेला एक शब्दही त्यावर नव्हता.

आणि मग एकदम सगळं दिसलं. न उलटलेलं पान. घरी नेलेले उतारे. चष्मा, घसा, डोकेदुखी. एकसारखं अक्षर. प्रितीची कुजबुज. तिला वाचता येत नाही. नववीतल्या या मुलीला वाचताच येत नाही, आणि दोन वर्षं मी तिलाच उभी करून बाकीच्यांना सांगतेय, वाचावं तर असं.

“वा!” अभय म्हणाला. “छान उतारा होता. बाई, चुका किती?”

पूर्वी माझ्याकडे बघत होती. गावडे सर बघत होते. बाकीचा वर्ग बघत होता.

मी म्हटलं, “एकही चूक नाही.”

आणि सही केली.

मंगळवार, १६ डिसेंबर

गावडे सरांनी पेढे वाटले. माझा पेढा अजून पर्समध्ये कागदात गुंडाळलेला आहे.

प्रितीला ग्रंथालयात बोलावलं. विचारलं, “कधीपासून?”

“सातवीपासून, बाई. आम्ही एका बाकावर आलो तेव्हापासून. तिला अक्षरं दिसतात पण राहत नाहीत, असं ती बोलते. आत्ता बघितलं की आत्ता गेलं. पण ऐकलं की सगळं राहतं. मी दोनदा वाचते, तिला पाठ होतं. वह्या मी लिहायचे.”

“मला का नाही सांगितलंस?”

खाली बघून बोलली, पण या वेळी तिचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. “सांगणार होते. तुम्ही बोललात, भिंतीशी बोल.”

सत्तावीस वर्षांत मला कुणी मारलं नाही. आज मारलं, आणि मार योग्य जागी बसला. मी तिला म्हटलं, “चुकलं माझं, प्रिती.” ती इतकी घाबरली की खुर्चीवरून उठूनच उभी राहिली.

सगळ्यात जास्त कशाचं वाईट वाटतंय ते लिहूनच टाकते. पूर्वीने मला सांगितलं होतं, प्रितीला घ्या, काहीपण द्या, वाचते. तिला निवडलं असतं तर वर्ग खरोखर वाचला असता, कुणालाही खोटं न बोलता. मी आवाज निवडला, वाचन नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

बुधवार, १७ डिसेंबर

आज दिवसभर मनाशी म्हणत होते, झाकली मूठ सव्वा लाखाची. वर्ग राहिला, पोरीची लाज राहिली, माझी नोकरी राहिली. शाळा सुटल्यावर हळूहळू शिकवीन तिला, कुणाला कळायचं कारण नाही.

पण दहावीचं काय? दादरच्या माझ्या एका जुन्या सहकारी मैत्रिणीला फोन केला, तिच्या शाळेत अशा दोन मुली होत्या. ती म्हणाली, हॉस्पिटलमध्ये तपासणी होते, दाखला मिळाला की बोर्डाला पेपर लिहायला लेखनिक मिळतो, जास्त वेळ मिळतो. आधी शाळेने लिहून द्यायचं, मुलीला वाचायला-लिहायला येत नाही, आम्ही हे-हे पाहिलं. “शाळेच्या रेकॉर्डमध्ये काय आहे गं?” तिने विचारलं.

शाळेच्या रेकॉर्डमध्ये माझ्या सहीचा कागद आहे. एकही चूक नाही.

वर्ग वाचवायचा तर हा कागद खरा राहायला हवा. पूर्वीला वाचवायचं तर तो खोटा ठरायला हवा. मधली वाट मी दोन तास शोधली. नाही सापडली.

गुरुवार, १८ डिसेंबर

पूर्वीला समोर बसवून दोन्ही बाजू सांगितल्या, काही लपवलं नाही. ती मोठ्या माणसासारखी ऐकत होती. मग म्हणाली, “वर्ग माझ्यामुळे जाणार ना, बाई?”

“तुझ्यामुळे नाही. माझ्या पेन्सिलीमुळे.”

“सगळे मला बोलतील. अडाणी बोलतील.”

“बोलतील,” मी म्हटलं. खोटं कशाला सांगू? एकदा सांगून झालंय. “तू नको म्हणालीस तर मी हा विषय परत काढणार नाही. जमेल तसं इथेच शिकू.”

ती बाकावरचं लाकूड नखाने उकरत बसली. शेवटी म्हणाली, “प्रितीला विचारून सांगते.”

शुक्रवार, १९ डिसेंबर

सकाळी प्रार्थनेआधीच दारात दोघी. पूर्वी म्हणाली, “बाई, लिहा.” प्रिती बाजूला, तिचा हात घट्ट धरून.

मी दोन कागद लिहिले. एक हॉस्पिटलसाठी, एक संस्थेसाठी. दुसऱ्यात सरळ लिहिलं की पूर्वीने उतारा वाचला नाही, मला ते त्याच क्षणी कळलं होतं आणि खोटी सही मी केली, मुलीने माझ्याकडे काहीही मागितलं नव्हतं. प्रितीचं वाचन घेऊन बघावं, अशी विनंतीही केली.

गावडे सरांनी दार लावलं. कागद वाचून चष्मा टेबलावर आपटला. “बाई, एका मुलीसाठी चौतीस मुलं? अहो, दोन वर्षांनी रिटायर व्हाल, गप्प बसला असता तर काय बिघडलं असतं?”

म्हटलं, “सर, ती चौतिसांतलीच एक आहे.”

त्यांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. मग कागदावर आवक क्रमांक टाकला. मी पोच मागून घेतली आणि तासाला गेले.

सोमवार, ५ जानेवारी

उत्तर आलं. फेरतपासणीची तरतूद नाही. निकाल तिघांपैकी एक. दहावीचा वर्ग जूनपासून अँटॉप हिलला. मला ठपका, लेखी, सेवापुस्तकात.

दुपारी पालक आले. मी समोर उभी राहून सगळं ऐकून घेतलं. अमितचे वडील म्हणाले, “तुमच्या खरेपणापायी आमची पोरं रोज बस बदलणार, बाई.” त्यांचं बरोबर आहे आणि मीही चुकीची नाही, आणि दोन्ही असूनही पोरं जाणारच आहेत.

सगळे गेल्यावर पूर्वीची आई, शेवंती, मागे राहिली. मसाल्याच्या दुकानातून तशीच आली होती, साडीला मिरचीचा वास. म्हणाली, “बाईनू, ती सगळा घडाघडा म्हणायची. माका वाटला, म्हणजे वाचताच. माझा शिक्षान चौथी. माका काय कळतला?”

“मला कळायला हवं होतं,” मी म्हटलं. “माझं शिक्षण बी. एड.”

पूर्वी दाराआड उभी होती, रडत. शेवंतीने तिला जवळ ओढलं आणि हात मागे घेऊन, कोपराने तिचे डोळे पुसले. मी बघू शकले नाही. खडू गोळा करायला लागले.

सोमवार, १२ जानेवारी

प्रिती आणि पूर्वी परत एका बाकावर. बाक पुढचा, माझ्या टेबलासमोरचा. कुजबुज मोठ्याने करायची, असा नियम केलाय.

पोरं पूर्वीला बोललीच. दोन दिवस बोलली. तिसऱ्या दिवशी अमित उठला आणि म्हणाला, “ए, मला पण नाय आला तो उतारा. गप बसा.” नंतर कळलं की वर्गात आणखी तिघं अर्धं पाठ करूनच वाचतात. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

निबंध फळ्यावर लिहून देणं बंद केलं. आता आधी तोंडाने सांगायचं, दुसऱ्याने उतरवायचं, मग ज्याचं त्याने वाचायचं. पहिल्याच दिवशी सम्यकने त्याच्या मजल्यावरच्या नळावरची भांडणं सांगितली आणि वर्ग पोट धरून हसला. ‘गुण्यागोविंदाने’ एकदाही आलं नाही.

मंगळवार, २० जानेवारी

हॉस्पिटलची तारीख मिळाली, तीन फेब्रुवारी. संस्थेला बदलीचा अर्जही दिला, जूनपासून मलाही अँटॉप हिलला पाठवा म्हणून. गावडे सर म्हणाले, तुम्हाला तिथे कोण घेणार? म्हटलं, विचारायला काय जातं.

शाळा सुटल्यावर पूर्वीला घेऊन बसले. तपासणीच्या दिवशी ती जे बोलली होती ते मी त्याच संध्याकाळी आठवेल तसं उतरवून ठेवलं होतं. तिने ऐकून दोन ठिकाणी दुरुस्ती सांगितली. त्याची प्रत मोठ्या अक्षरांत काढली. एक तिच्याकडे, एक माझ्याकडे. मी सांगितलं, पाठ म्हणायचं नाही. शेवटची ओळ, पण एकेका अक्षरावर बोट ठेवून. अडलीस तर अडायचं.

प्रितीने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं आणि बोट वर केलं.

“आ… ई,” पूर्वी म्हणाली. बोट पुढे सरकलं. “को… को… प…” थांबली. मान झटकली, मागे आली. प्रितीने ओठ दाताखाली धरले, पण सांगितलं नाही. “को-प-रा-ने. डो… दो… डोळे.” तिच्या कपाळावर घाम होता. “पु… प… पुसते.”

मग वर बघितलं. आवाज खणखणीत नव्हता, पहिल्या बाकापर्यंतही आला नसता. “बाई, हे मी वाचलं?”

“तू वाचलंस.”

एका मिनिटात चार शब्द. दोन चुका. मी दोन्ही ठिकाणी पेन्सिलीने खूण केली आणि खाली सही केली.